चार वर्षांत एकत्र महिने किती?

प्रश्न, थोडक्यात: मी खानापूर तालुक्यातून लिहितोय. धाकट्या बहिणीचं वय २९, लग्नाला चार वर्षं झाली. मेहुणे म्हणजे आमच्या आत्याचेच चिरंजीव. ते सैन्यात आहेत, वर्षाकाठी दोन-अडीच महिने गावी असतात. अजून दिवस राहिले नाहीत. दोनदा पिशवी साफ करून झाली. नळ्यांचा फोटो काढला, त्यात उजवी नळी बंद आली. एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी, १.४ आहे. एका डॉक्टरांनी पिशवी वाकडी सांगितली, आणखी कोणी दोघांचा रक्तगट एकच असल्याचं कारण काढलं. सहा महिने झाडपाल्याचं औषधही झालं. आता एका सेंटरने सांगितलंय, लगेच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा, नाहीतर अंडी संपतील. खर्च दोन लाखांच्या वर जातोय. आत्या म्हणते, दोष पोरीतच आहे. शेताचा तुकडा गहाण टाकायचं मनात आहे. काय करावं?

उत्तर:

दादा, शेताचा उतारा सध्या कपाटातच राहू द्या.

तुमच्या पत्रात बहिणीची पिशवी आहे, नळ्या आहेत, अंडी आहेत, रक्तगटसुद्धा आहे. मेहुण्यांच्या वीर्यतपासणीचा मात्र एक शब्द नाही. लिहायचं राहून गेलं असेल तर चांगलंच. पण माझा अनुभव असा, की जे पत्रात नसतं ते फाइलमध्येही नसतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरीकडून येणाऱ्या जोडप्यांच्या फाइली मी वंध्यत्वाची डॉक्टर म्हणून रोज चाळते. बाईचे रिपोर्ट बोटभर जाडीचे, नवऱ्याचा एक कागद शोधून सापडत नाही. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा जवळपास निम्म्यापर्यंत जातो. काही जोडप्यांत तेवढं एकच कारण असतं, काहींत दोघांचंही थोडंथोडं. आणि पुरुषाची पहिली तपासणी काहीशे रुपयांत, सुई न टोचता, बहुतेक त्याच दिवशी होते. चार वर्षांत बाईला दोनदा भूल दिली जाते आणि पुरुषाच्या हातात एक प्लास्टिकची डबी दिली जात नाही, याला उपचार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तपासणीकडे येऊच. आधी एक साधा हिशेब करू.

लग्नाला चार वर्षं झाली हे घरातले सगळे सांगतात. नवरा-बायको एकत्र किती महिने राहिले, हे कोणी मोजत नाही. वर्षाला अडीच महिने धरले तर चार वर्षांत दहा. त्यातून बहीण पंचमीला माहेरी आली ते दिवस वजा करा. गणपतीला सुट्टी मिळाली तर घर पाहुण्यांनी भरलेलं. नवरात्रात मिळाली तर घट बसलेले, म्हणून अंथरुणं वेगळी. उरले किती? सात-आठ महिने उरले तरी खूप झालं. नियमित संबंध असूनही बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर वंध्यत्वाची तपासणी सुरू करावी, असा जगभरचा नियम आहे; बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. सगळं ठीक असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात वीस ते पंचवीसच असते. वर्षभरात शंभरातल्या साधारण ८५ जोडप्यांना राहतात. तुमच्या बहिणीला ते एक वर्ष अजून मिळालेलंच नाही, आणि तिच्या नावावर चार वर्षं लागली आहेत.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. आसपासच्या खेड्यांतून सैन्यात गेलेली मुलं भरपूर. गोव्याला, पुण्याला कामाला असणारेही तसेच. त्यामुळे हा हिशेब मला सारखा करावा लागतो. महिन्यात दिवस राहू शकतात असे दिवस सहाच. अंडं बाहेर पडलं की ते १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढीच संधी. पाळी २८ ते ३० दिवसांनी नियमित येत असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण दहाव्यापासून अठराव्यापर्यंतचे दिवस धरावेत आणि त्या काळात दिवसाआड संबंध ठेवावेत. पंधरा-वीस दिवसांची सुट्टी असेल तर हे दिवस सुट्टीच्या बाहेरही पडू शकतात. मग ती सुट्टी या हिशेबात धरायचीच नाही.

फार लोकांना माहीत नसतं, पण सुट्टीची तारीख आधी कळली तर गोळ्या देऊन पाळी थोडी पुढे नेता येते, म्हणजे अंडं फुटायचे दिवस सुट्टीत येतात. लग्नकार्यासाठी, पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे बायका सर्रास मागतात, यासाठी मात्र कोणी विचारत नाही. अर्थात डॉक्टरांना विचारून. मेडिकलमधून परस्पर आणून नव्हे.

दुसरं असं, की मेहुणे आपलं वीर्य गोठवून ठेवू शकतात. ते ड्युटीवर असताना बहिणीचा उपचार करायचा झाला तर नमुना हाताशी असतो. २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या, कायद्यात त्यासाठी लेखी संमती लागते आणि असा नमुना दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो.

आता तपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. त्याहून कमी नको आणि 'जास्त दिवस साठलं की जास्त चांगलं' हेही खरं नाही. खूप दिवसांनी दिलेल्या नमुन्यात जुने, मेलेले शुक्राणू जास्त असतात. नमुना तासाभराच्या आत तपासायला हवा. गावाहून डबी खिशात घालून बसने बेळगावला यायचं म्हटलं तर तास तिथेच जातो, म्हणून लॅबमध्येच द्या. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी नीट खोली नसते, बाथरूम दाखवतात, बाहेर माणसं उभी. पुरुषाला ते जमत नाही आणि त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. आधी फोन करून खोलीची सोय विचारा. संकोच फारच असेल तर बायकोला बरोबर न्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे रिपोर्टमध्ये तीन आकडे बघतात: एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू, हालणारे ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. ही खालची रेघ आहे. आकार चार टक्के वाचून लोक हबकतात, 'शंभरात शहाण्णव खराब' म्हणून रडत येतात. चार टक्के म्हणजे नॉर्मल. रेघेच्या थोडं खाली आलं म्हणजे मूल होणार नाही असं नाही, आणि रेघेच्या वर आलं म्हणजे होणारच असंही नाही. एक रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी दुसरा करायचा, त्याआधी निकाल द्यायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. मधल्या काळात डेंगी, मलेरिया किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर आकडे घसरतात आणि पुन्हा सावरतात. अति उंचावरच्या पोस्टिंगहून आलेल्यांतही काही काळ घट दिसू शकते, म्हणून मेहुणे कुठून येताहेत ते डॉक्टरांना सांगा.

'आमचा पोरगा फौजेत आहे, मेडिकलमध्ये शेप वन, म्हणजे एकदम फिट आहे, त्याच्यात काय दोष असणार?' हे वाक्य मी सासवांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू होताच शेवट कळतो. सैन्याच्या वार्षिक मेडिकलमध्ये नजर, कान, रक्तदाब, हाडं सगळं बघतात. वीर्य बघत नाहीत. दंडाचा घेर, दाढीमिशा, शरीरसंबंधाची ताकद आणि शुक्राणूंची संख्या यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. उलट माझ्याकडे येणाऱ्या शून्य काउंटच्या रिपोर्टांत पिळदार शरीराची तरुण पोरं वाढताहेत. बेळगावात तालीम आणि जिमचं वेड जुनं. स्पर्धेच्या आधी कोणीतरी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतो. बाहेरून हे हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. स्नायू फुगतात, काउंट शून्यावर येतो. इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांचा काउंट सहा महिने ते वर्षभरात परत येतो, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. पण हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि आईसमोर विचारलं तर मुळीच नाही. म्हणून मी नवऱ्याला एकट्याला आत बोलावते.

तंबाखूचंही असंच. निपाणी भाग तंबाखूचा, मळून दाढेखाली धरणं हा तिथला चहाच. सिगारेट ओढली तरच नुकसान, असा समज आहे. खाण्याच्या तंबाखूनेही शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांना उष्णतेचा त्रास होतो; वृषणं शरीराच्या बाहेर असतात ती त्यांना थंडावा लागतो म्हणूनच. अशा माणसाला मी नोकरी सोड म्हणत नाही, शिफ्ट बदलून मिळते का बघ म्हणते. लहानपणी नव्हे तर वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली होती का, हेही विचारते.

आणि समजा मेहुण्यांचा काउंट शून्य आला, तरी दार बंद होत नाही. वाट अडलेली असेल तर वृषणातून सुईने शुक्राणू काढता येतात. १९९२ पासून इक्सी नावाची पद्धत आहे, तीत एका अंड्यात एकच शुक्राणू सोडतात. म्हणजे मोजके मिळाले तरी काम होतं.

आता बहिणीच्या कागदांकडे वळू. यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'दोनदा पिशवी साफ'. आपल्या भागात हा मोठाच गैरसमज आहे, बायकांमध्येही आणि काही डॉक्टरांमध्येही. पिशवी साफ केली की दिवस राहतात म्हणे. कोणाला तरी सफाईनंतर दोन महिन्यांनी राहिलेले असतात, त्याची गोष्ट गावभर होते. ज्या पन्नासजणींना राहिले नाहीत त्यांची होत नाही. गर्भपात अर्धवट झाला, रक्तस्राव थांबत नाही, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायचा आहे, अशा वेळी ते करावं लागतं. तुकडा तपासायलाही आता बारीक नळीने, बहुतेक वेळा भुलीशिवाय काम होतं. नुसतं 'मूल होत नाही' म्हणून पिशवी खरवडण्याने मूल होत नाही. खरवड खोल गेली तर आतलं अस्तर मरतं, भिंती एकमेकींना चिकटतात आणि जिथे गर्भ रुजायचा ती जागाच बिघडते. म्हणून बहिणीला एक गोष्ट नक्की विचारा, तुम्ही नाही तर तुमच्या वहिनींमार्फत: दुसऱ्या सफाईनंतर पाळीचं अंगावर जाणं कमी झालं का? आधी चार दिवस जात होतं आणि आता दीड दिवस डाग लागल्यासारखं, असं असेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून बघणं, आयव्हीएफच्या आधी हवी. पहिल्यासारखंच जात असेल तर घाबरायचं कारण नाही.

उजवी नळी बंद. कोणत्या टोकाला बंद लिहिलंय ते बघा. पिशवीजवळच्या टोकाला, 'कॉर्न्युअल ब्लॉक' असं असेल, तर अनेकदा ती खरी बंद नसते. औषध आत सोडताना दुखतं, नळीचा स्नायू आवळला जातो आणि फोटोत नळी दिसतच नाही. बाहेरच्या टोकाला बंद असून नळी पाण्याने फुगलेली असेल तर मात्र ती गोष्ट वेगळी, तिच्यावर आधी उपाय करावा लागतो. डावी नळी मोकळी आहे, ही तुमच्या पत्रातली चांगली बातमी आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. एका नळीवर मुलं होतात. इतकंच काय, उजवीकडचं अंडं डावी नळी उचलून घेते असंही घडतं.

नळ्या बंद होण्यामागे आपल्याकडे क्षयरोगही असतो. खोकला नसतो, ताप नसतो, बाई धडधाकट दिसते, पण पिशवी-नळ्यांना क्षय झालेला असतो. तो शोधायलाच हवा. मात्र दुसरं टोकही मी बघते. अस्तराच्या तुकड्याचा एक पीसीआर (जंतूंचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला की लगेच सहा महिने टीबीच्या गोळ्या. फक्त त्या एका कागदावर गोळ्या सुरू करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं, दुर्बिणीत काय दिसलं, यांचा मेळ बसायला हवा.

एएमएच १.४ आणि 'अंडी संपतील'. ही भीती हल्ली फार विकली जाते. हा आकडा म्हणजे कणगीत बियाणं किती उरलंय त्याचा अंदाज. ते उगवेल की नाही हे तो सांगत नाही. नैसर्गिकरीत्या दिवस राहायला महिन्याला एकच अंडं लागतं. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांनी किती अंडी मिळतील याचा अंदाज बांधायला तो उपयोगी आहे, तेवढंच. २९ व्या वर्षी १.४ म्हणजे वयाच्या मानाने थोडा खालच्या बाजूला, पण याच महिन्यात कर्ज काढून धावावं असा नाही. अंड्याचा दर्जा मुख्यतः वयावर जातो आणि वय तिच्या बाजूने आहे. पस्तिशीनंतर मात्र मी एवढी निवांत बोलले नसते.

वाकडी पिशवी: दर पाच बायकांत एकीची पिशवी मागे झुकलेली असते. उंची कमी-जास्त असावी तसं ते आहे. त्याने दिवस राहायचे थांबत नाहीत. संबंधानंतर वीर्य बाहेर येतं म्हणूनही बायका घाबरतात, भिंतीला पाय लावून तासभर पडून राहतात. शुक्राणूंना वर जायचं ते काही मिनिटांत गेलेले असतात. बाहेर येतं ते उरलेलं पाणी.

एकच रक्तगट: काही संबंध नाही. आरएच निगेटिव्ह बाईला आरएच पॉझिटिव्ह बाळ असेल तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर इंजेक्शन द्यावं लागतं, तो विषय दिवस राहिल्यानंतरचा.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार: नात्यातलं लग्न. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रीतीचंच. त्याने दिवस राहायला अडचण येते असं नाही. होणाऱ्या बाळाला काही आनुवंशिक आजार होण्याचा धोका परक्या जोडप्याच्या तुलनेत साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणून दोन्हीकडच्या घरांत लहानपणी गेलेली मुलं, मतिमंदत्व, वारंवार रक्त चढवावं लागणारं कोणी आहे का, हे डॉक्टरांना सांगा. थॅलेसेमियाची रक्ततपासणी आधीच करून घ्या.

झाडपाल्याच्या औषधाबद्दल एवढंच सांगते, की पुडीवर काय लिहिलंय ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर ते बंद. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा शिसं-पाऱ्यासारखे जड धातू निघू शकतात. 'मुलगाच होईल' म्हणून देतात ते औषध तर कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. यल्लम्माला नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला, सौंदत्तीला जाऊन या, मी कधी कोणाला अडवलं नाही. फक्त थायरॉइडची गोळी चालू असेल तर उपवासापायी ती चुकवू नका. बहिणीची टीएसएच (थायरॉइडची) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणाऱ्या हार्मोनची) तपासणी झालीय का? पत्रात दिसत नाही. स्वस्त तपासणी आहे, आणि दोष सापडला तर नुसत्या गोळीने पाळी आणि अंडं दोन्ही मार्गावर येतात. फोलिक अ‍ॅसिड आजपासूनच सुरू करा, दिवस राहायची वाट बघू नका.

आता आयव्हीएफ. मी त्याच्या विरोधात नाही, रोजच्या कामातच आहे ते. दोन्ही नळ्या बंद, काउंट फारच कमी, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) वाढलेला, वय हातातून चाललेलं, अशा जोडप्यांना मी उगाच वर्षभर गोळ्या देत बसवत नाही. तुमच्या बहिणीच्या कागदांवरून मात्र ती वेळ आलेली दिसत नाही. मेहुण्यांचा रिपोर्ट बरा असेल तर नीट मोजलेल्या तीन-चार सुट्ट्या, गरज पडली तर अंडं तयार व्हायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आणि स्कॅनिंगने अंडं बघणं, मग आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य बारीक नळीने पिशवीत सोडणं. आययूआयला एका वेळेस यशाची शक्यता शंभरात दहा ते पंधरा. एकदा केलं, जमलं नाही, म्हणून 'आययूआय फेल' असा शिक्का मारू नका. तीन-चार वेळा करून मग ठरवायचं.

आयव्हीएफ केलं की मूल नक्की, हा सगळ्यात महागडा गैरसमज. पस्तिशीच्या आत एका प्रयत्नात यश साधारण तीनात एक ते पाचात दोन, आणि चाळिशीनंतर ते झपाट्याने खाली येतं. नऊ-दहा ते बारा दिवस इंजेक्शनं, मग गुंगी देऊन योनिमार्गे सुईने अंडी काढणं. पोटावर चीर नसते. समजा दहा अंडी मिळाली. त्यातली आठ पक्व निघतात, सहा फळतात, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतात. इतकी गळती ठरलेलीच आहे. घरच्यांना हे आधी माहीत नसेल तर 'दहा होती, दोनच कशी उरली, कोणाला दिली' इथपर्यंत बोलणं जातं. अंडी काढल्याने साठा लवकर संपत नाही. त्या महिन्यात आपोआप वाया जाणारीच अंडी इंजेक्शनाने वाढवलेली असतात. गर्भ सोडल्यावर महिनाभर अंथरुणात पडून राहायची गरज नाही. खानापूरच्या रस्त्याच्या खड्ड्यांनी गर्भ निसटून पडत नाही, बसने घरी जायला हरकत नाही.

टेस्ट ट्यूबची पोरं कमजोर असतात म्हणणाऱ्यांना मी हर्षा चावडाचं नाव सांगते. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने तिचा जन्म झाला. २०१६ साली ती स्वतः आई झाली. त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं, त्यांच्या हयातीत त्यांचं कोणी मानलं नाही. जुळी राहिली तर बाळं लवकर आणि कमी वजनाची होतात, हे खरं आहे. म्हणून 'एकाच खर्चात दोन' असा विचार करून जास्त गर्भ सोडायला सांगू नका.

आणि 'परक्याचं वीर्य तर वापरत नाहीत ना?' हे लोक दबक्या आवाजात विचारतात. मोठ्याने विचारा. दात्याचं वीर्य किंवा अंडं वापरायचं तर कायद्याने दोघांची लेखी संमती लागते. सेंटरचा एआरटी नोंदणी क्रमांक भिंतीवर शोधा, नसेल तर मागा. यशाचा आकडा सांगतील तेव्हा तो कशाचा ते विचारा: पॉझिटिव्ह आलेल्या रक्ततपासणीचा, की घरी गेलेल्या बाळाचा? दोन्हींत बरंच अंतर असतं. पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरलीत का, गोठवलेले गर्भ पुढच्या वेळी सोडायचे पैसे किती, हेही लिहून घ्या. प्रतिकारशक्तीची इंजेक्शनं, सलाइनमधून पांढरं औषध असली भर कोणी पहिल्याच वेळी सुचवली तर मी तरी दोनदा विचार करेन.

आणि गहाणाआधी हेही बघा. मेहुणे फौजेत, म्हणजे बहिणीला लष्करी रुग्णालयात उपचाराचा हक्क आहे. लष्कराच्या काही मोठ्या रुग्णालयांत आयव्हीएफचीही सोय आहे. बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जाऊन पुढे कुठे आणि कसं पाठवतात ते विचारा. वेळ लागेल, कागद फिरतील, पण तिच्या वयाला तो वेळ परवडणारा आहे.

राहिली आत्या. 'तुमच्या पोराची तपासणी करा' असं त्यांना सांगायला जाऊ नका. नातं दुहेरी आहे, बहीण बोलली तर सून उलटून बोलली, आणि तुम्ही बोललात तर भाचा आत्याला शिकवायला आला. थेट मेहुण्यांना फोन करा. 'दाजी, बेळगावच्या डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट एकत्र मागितलेत, त्याशिवाय पुढचं सांगत नाहीत' एवढं पुरे. दोष माझ्यावर ढकला, मला सवय आहे. फौजी माणसाला तपासणीचं वावडं नसतं, बहुतेकजण मुकाट्याने करून येतात. घरात खरं तर अडतं ते कोणी त्यांना विचारतच नाही म्हणून. आत्यांना मग मी माझ्यासमोर बसवून सांगेन.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. बहिणीला काय हवंय? चार वर्षं तिच्या पोटाबद्दल सगळे बोलताहेत. तिला आणखी वर्षभर थांबायचं असेल, किंवा मधे सहा महिने एकही इंजेक्शन नको असेल, तर तेही उपचारात धरावं लागतं.

पुढच्या सुट्टीची तारीख कळली की मला कळवा. तीन-चार आठवडे आधी कळली तर पाळीचं गणित जुळवता येईल. मेहुण्यांनी घरी आल्यावर हवं तर आधी चार दिवस बायकोबरोबर राहावं, मग दोन-तीन दिवस सोडून लॅबला यावं. येताना नळ्यांच्या फोटोची मूळ फिल्म आणा, नुसता टाइप केलेला रिपोर्ट नको. उजवी नळी कुठे थांबलीय ते फिल्मवरच दिसतं. दोन्ही वेळच्या सफाईचे पॅथॉलॉजीचे कागदही शोधा. बहुतेक घरांत ते डिस्चार्ज कार्डाच्या मागे टाचलेले असतात.